आधी ऑइल, मग पेट्रोल

भाऊ,

काल गाडी सुरू झाली. अकराव्या किकला. नवव्या किकला ती एकदा खोकली आणि गप्प बसली, दहाव्या किकला दांडी उलटी येऊन माझ्या नडगीवर बसली, आणि पस्तीस वर्षं वर्गात मुलांना जे शब्द उच्चारू दिले नाहीत त्यातला एक मी पेट्रोल पंपावर चारचौघांत उच्चारला. अकराव्या किकला तिने धरलं. निळा धूर निघाला. आप्पा कचेरीतून यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशी जो वास यायचा, तोच. आपल्या मेकॅनिक रशीदभाईंनी गाडी बंद पडू नये म्हणून अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळून धरली आणि मी मागे वळून बघितलं, तू काय म्हणतोस ते ऐकायला. सात आठवडे झाले तुला जाऊन. मान अजून आपोआप वळते.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचं काही नीट आठवताच येत नाही, म्हणून आधी तीच सांगते. त्या वेळी टाकीत ते साधं पेट्रोल मी भरलं होतं.

तुला हे माहीत होतं. तुला माहीत होतं हे मलाही माहीत होतं. तरी चाळीस वर्षं आपण दोघं या गोष्टीला वळसा घालून चालत राहिलो, घरात मधोमध ठेवलेल्या पेटीला घालावा तसा.

मी अठरा वर्षांची होते, बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. तू मला गांधीनगरच्या मैदानावर आप्पांच्या चोरून गाडी शिकवली होतीस. किक आणि गिअर एकाच दांडीला असलेली ती विचित्र गाडी. किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवायची आणि तिनेच गिअर टाकायचे. ‘बेबी, ही गाडी ज्याला आली त्याला जगातली कुठलीही येते,’ असं तू म्हणायचास. मग एका दुपारी आप्पा कचेरीच्या जीपने दौऱ्यावर, तू मित्राकडे सायकलवर गेलेला, आई झोपलेली, आणि मी एकटीने गाडी बाहेर काढली. जेल रोडपर्यंत गेले, आणखी पुढे गेले, परत येताना गाडी रिझर्व्हला लागली. पुणे रोडच्या पंपावर थांबले. पंजाबी ड्रेस घातलेली मुलगी फटफटीवर आलेली बघून तीन स्कूटरवाले आपलं पेट्रोल विसरून माझ्याकडे बघायला लागले. पंपवाल्याने नळी टाकीत घालायच्या आधी विचारलं, ‘ऑइल?’

या गाडीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं हे तू मला सांगितलं होतंस. दहा वेळा सांगितलं होतंस. पण ते तिघं बघत होते, त्यातला एक हसत होता, आणि मला तिथून फक्त निघायचं होतं. मी म्हणाले, ‘नको.’

एवढंच. दोन अक्षरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मालेगावला निघालास. तिथल्या एका सूतगिरणीत मेकॅनिकच्या जागेसाठी तुझी मुलाखत होती. आयटीआय होऊन वर्ष झालं होतं आणि घरात कोणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांचं लक्ष त्या मुलाखतीकडे लागलं होतं. आप्पांनी स्वतःची गाडी दिली, जी ते कोणाला देत नसत. आईने पोहे केले. मी डिश घेऊन दारात उभी होते. तू टाकीचं झाकण उघडून आत बघितलंस, झाकण लावलंस आणि माझ्याकडे एकदा बघितलंस. आदल्या सकाळी संपत आलेल्या टाकीत आज पेट्रोल कुठून आलं, हे तुझ्या तेव्हाच लक्षात आलं असणार. पण मी ऑइलसुद्धा टाकलं असेल असं तुला वाटलं. तू मला शिकवलं होतंस ना. तेव्हा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. निदान असं मी स्वतःला सांगत आले.

पिंपळगावच्या अलीकडे इंजिन सीझ झालं. आत ऑइलच नाही म्हटल्यावर पिस्टन तापला आणि जागच्या जागी अडकला, मागचं चाक फिरायचं थांबलं, गाडी आडवी झाली आणि तुझा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलपटला. तू दोन तास रस्त्याच्या कडेला, ओढ्यावरच्या मोरीच्या दगडी कठड्यावर बसून राहिलास. मग एका कांद्याच्या ट्रॅक्टरने तुला आणि गाडीला पिंपळगावात आणून सोडलं. मुलाखत राहिलीच.

आप्पांचा आवाज त्या संध्याकाळी शेजारच्या चार घरांत ऐकू गेला. ‘ऑइल न टाकता गाडी नेलीस? आयटीआय शिकलास ना तू? तुला एवढंसुद्धा कळत नाही?’ मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तू म्हणालास, ‘विसरलो.’

आप्पांना एवढा राग का आला होता, ते आपल्याला नंतर कळलं. येवल्याकडच्या आपल्या गावात ज्या आळीतून आजोबा वहाणा हातात घेऊन जायचे, त्याच आळीतून आप्पा ही गाडी घेऊन गेले होते. पाटबंधारे खात्यातल्या एका साहेबाची जुनी गाडी, दुसऱ्या हाताने घेतलेली, पण आपल्या लोकांमधली गावातली पहिली. आजोबांना मागे बसवून नेलं. आजोबांनी पायातल्या वहाणा काढल्या नाहीत. त्यानंतर आप्पांच्या लेखी ती नुसती गाडी राहिली नव्हती. इंजिन सीझ झाल्यावर ‘आता तिला कोणी हात लावायचा नाही,’ असं म्हणून त्यांनी ती जिन्याखाली लोटली आणि बसने कचेरीला जायला लागले. तुझ्याशी सहा महिने धड बोलले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसून जेवत होते.

तू अंबडला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलास आणि तिथेच प्रेस मशिनवर निवृत्त झालास. ‘बरं झालं ती मालेगावची नोकरी मिळाली नाही, ती गिरणी पुढे बंदच पडली,’ असं तू नेहमी म्हणायचास. हे वाक्य तू फक्त माझ्यासमोर म्हणायचास, हे मला वहिनीने सांगितलं. ती सहज म्हणाली होती, ‘मालेगावचं काय ते, मला तर यांनी कधी सांगितलंच नाही.’ त्या दिवशी मी तुमच्याकडे जेवायला थांबले नाही. डोकं दुखतंय म्हणाले.

मी तेव्हा का बोलले नाही? पहिला महिना तरी माझ्याकडे कारण होतं. आप्पांनी माझं कॉलेज बंद केलं असतं, आणि मला गाडी शिकवली म्हणून तुला आणखी ऐकावं लागलं असतं. खरं कारण होतं ते. पण कारण एक महिन्याचं आणि गप्प राहणं चाळीस वर्षांचं. मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले, मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, फळ्यावर लिहूनसुद्धा दिलं. आप्पा गेले तेव्हा वाटलं, आता सांगावं. आई गेली तेव्हा वाटलं, आता कोणाची भीती आहे? मग वाटायला लागलं की आता सांगितलं तर तू विचारशील, एवढी वर्षं का नाही सांगितलंस.  

वहिनी गेल्यावर तू म्हणाला होतास, ‘बेबी, दोघांनी दोन चुली कशाला पेटवायच्या? इकडेच ये राहायला. आमचा पराग काही बंगळूरहून परत येत नाही.’ मी म्हणाले, ‘नको.’ तू हसलास. ‘तुझ्या तोंडातून पहिला शब्दच “नको” निघाला असणार, आईला विचारायला पाहिजे होतं.’ भाऊ, मला यायचं होतं. त्या वर्षी माझ्या खोलीत दिवसदिवस माझाच आवाज मला ऐकू यायचा नाही. पण रोज सकाळी तुझ्यासमोर बसून चहा प्यायचा, तुझ्या कोपराचा तो व्रण बघायचा, आणि पोटात हे घेऊन बसायचं, ते मला झेपलं नसतं. तुला वाटलं असेल, बहिणीला आपलं ओझं नको आहे. तू परत विचारलं नाहीस.

त्याऐवजी तू गाडी बाहेर काढलीस. ‘रविवारी येत जा. दिवा धरायला माणूस लागतं,’ म्हणालास. एवढ्याला मी हो म्हणाले.

दोन वर्षांचे रविवार. तुला हे ऐकून हसू येईल, पण त्या रविवारांसाठी मी आठवडाभर जगायचे. उपनगरच्या तुझ्या पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरून आपण दोघं बसायचो. तू नटबोल्ट सोडवायचास, मी ते रॉकेलमध्ये घासायचे आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावायचे. माझ्या चिठ्ठ्यांच्या अक्षरावरून तू चिडवायचास, ‘बाई, हे नट आहेत, पहिलीचे विद्यार्थी नाहीत.’ आणि रंगावरून आपण किती भांडलो! आप्पांचा गाडीवरचा एकुलता एक फोटो कृष्णधवल. तू म्हणायचास गाडी मरून होती, मी म्हणायचे काळी होती. शेवटी टाकी घासली तर वर मरून निघाला आणि त्याच्या खाली काळा. दोघंही जिंकलो म्हणून दोघंही आणखी जोरात भांडायला लागलो. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं आपलं घराच्या वाटणीवरून चाललंय. ‘हे भांडण मिटेपर्यंत गाडीला रंग नाही,’ असं तू जाहीर केलंस आणि टाकी तांबूस रेड ऑक्साइडमध्ये तशीच ठेवलीस.

इंजिन उघडायला आपण भद्रकालीत रशीदभाईंकडे नेलं तो दिवस आठवतो? इंजिन जुन्या चादरीत गुंडाळून, निम्मं तुझ्या मांडीवर, निम्मं माझ्या. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, ‘काय आहे काका?’ आणि तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, ‘बाळंतीण आहे, खड्डे चुकव.’ त्याने खरंच चुकवले. मी एवढी हसले की इंजिन माझ्या मांडीवरून घसरायला लागलं. त्यानंतर मी तशी हसलेले नाही.

रशीदभाईंनी ब्लॉक उपसला. पिस्टन बाहेर आला आणि त्यांनी तो उजेडात धरला. दोन्ही बाजूंनी उभे ओरखडे, कोणी नखं ओढावीत तसे.

‘सुकी चालवली कोणीतरी,’ ते म्हणाले. ‘ऑइलच नाय टाकलं. किसने चलाई थी?’

मी तुझ्या शेजारी उभी होते. माझ्या हातात फडकं होतं. दुकानात लेथ चालू होती, रेडिओ चालू होता, आणि तरी मला वाटलं की सगळं बंद झालंय. रशीदभाईंनी तो प्रश्न तुला विचारला की मला, ते मला कळलं नाही. तू थांबलास. भाऊ, तू थांबलास हे मी बघितलं. चांगला दोन-तीन श्वास थांबलास, आणि माझ्याकडे न बघता पिस्टनकडे बघत राहिलास. मला जागा करून देत होतास.

मी म्हणाले, ‘चहा सांगून येते.’

आणि पायरी उतरताना मागून तुझा आवाज आला, ‘मीच चालवली. विसरलो होतो.’

पुन्हा तोच शब्द. चाळीस वर्षांनी, तो ऐकून रागवायला आप्पा नसताना.

त्यानंतर तू एक नवीनच लकडा लावलास. आठवतं? दर रविवारी निघताना मला म्हणायला लावायचास. ‘बेबी, आधी काय?’ ‘आधी ऑइल.’ ‘मग?’ ‘मग पेट्रोल.’ ‘लिटरला किती?’ ‘चाळीस मिली.’ ‘आधी ऑइल का?’ ‘पेट्रोल वरून पडलं की ते नीट मिसळतं.’ मला वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा लागलाय. मी वैतागून म्हणायचे, ‘गाडी तू चालवणार, मला कशाला पाठ करायला लावतोस?’ आणि शेवटच्या शुक्रवारी तुझा फोन आला: ‘ब्लॉक आतून घासून, बोअर होऊन आलाय, नवा पिस्टन बसलाय, रविवारी इंजिन चढवू. आणि हे बघ, पहिलं पेट्रोल तू भरायचंस. दुसऱ्या कोणी नाही. पंपावर मी लांब उभा राहीन.’

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू मला पाठ करायला लावत होतास ते गाडीसाठी नव्हतं. तू मला पुन्हा त्या पंपावर नेऊन उभं करणार होतास, आणि लांब उभा राहणार होतास.

मी ठरवलं, रविवारी सांगायचं. हे खरं की असं मी याआधी पुष्कळ रविवारी ठरवलं होतं. पण या वेळी मी वाक्य तयार केलं होतं. मोठ्याने म्हणूनही बघितलं होतं.

शनिवारी सकाळी तुझ्या वरच्या बाईंचा फोन आला. तू दूध घेऊन वर येत होतास आणि पहिल्याच जिन्यावर बसलास. पिशवी हातात तशीच होती, फुटली नव्हती, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी आले तेव्हा तुला पांढऱ्या चादरीवर निजवलं होतं. पार्किंगमध्ये सतरंजी अंथरलेली होती, माझा घासायचा ब्रश त्यावर ठेवलेला. तू आदल्या दिवशीच सगळी तयारी करून ठेवली होतीस.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुष्कळ माणसं आली. कारखान्यातली, कॉलनीतली, गावाकडचीही. बुद्धवंदना झाली. जो तो उठून तुझ्याबद्दल बोलला. सगळे म्हणाले, शांत माणूस, कोणाबद्दल वाईट बोलला नाही. मलाही बोलायला सांगितलं. मी हात जोडून म्हणाले, ‘नको.’ सगळ्यांना वाटलं, बहीण आहे, हुंदका आला असेल. मला हुंदका आला नव्हता, भाऊ. मला तिथे एकच वाक्य येत होतं आणि ते ऐकायला तू नव्हतास.

परागने जायच्या आधी विचारलं, ‘आत्या, गाडीचं काय करू? मला तर चालवताही येत नाही. कोणाला देऊन टाकू?’ मी म्हणाले, मी पूर्ण करते. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘आणि तू बंगळूरला येतेस का माझ्याबरोबर? थोडे दिवस? नको ना?’ माझं उत्तर त्यानेच देऊन टाकलं. त्याला कोणी शिकवलं हे, तू की मी?

रशीदभाई स्वतःहून आले. फोन नाही, काही नाही, एका रविवारी पान्ह्यांची पिशवी घेऊन पार्किंगमध्ये हजर. ‘बहनजी, भाऊसाहेब गेले, पण काम अधुरं नाय ठेवायचं.’ मी दिवा धरला. ते तुझ्यासारखं बोलत नाहीत काम करताना. चार रविवार आम्ही काम केलं. आरटीओची फाइल तर तू आधीच मार्गी लावून ठेवली होतीस, गाडी बंद असताना कागदांच्या मागे लागणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. रंगाचं विचारलं तेव्हा मी मरून सांगितला. हो, मरून. समोर भांडायला कोणी नसलं की जिंकून करायचं काय? टाकी चमकायला लागली तेव्हा मात्र मला तुझा राग आला. वरचा रंग मरून होता हे खरं, पण पहिला काळाच होता, आणि हे मी सोडलेलं नाही.

काल आम्ही गाडी ढकलत पंपावर नेली. रशीदभाई म्हणाले, बाटलीतून आणतो पेट्रोल, घरीच चालू करू. मी म्हणाले, पंपावरच भरायचं. मी तुझे बूट घातले होते, पुढे दोन मोजे कोंबून. पंप तोच. छप्पर नवीन, यंत्रं नवीन, आणि नळी धरायला एक मुलगी, सून शोभेल एवढ्या वयाची. मी गाडी स्टँडवर लावली, झाकण उघडलं आणि उभी राहिले.

मी कशाची वाट बघत होते ते तिला काय कळणार? ती म्हणाली, ‘किती टाकू मॅडम?’

कोणी विचारलंच नाही, भाऊ. चाळीस वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन हिंडतेय आणि आता तो प्रश्न विचारणारंच कोणी राहिलं नाही. मी पिशवीतून बाटली काढली, मापाने ऐंशी मिली मोजलं आणि टाकीत ओतलं. 

‘अहो, हे काय टाकताय टाकीत?’ ती दचकली.

‘ऑइल. हिला लागतं.’

‘लागतं म्हटल्यावर टाकायलाच पाहिजे,’ ती म्हणाली. ‘आता पेट्रोल?’

‘आता दोन लिटर पेट्रोल,’ मी म्हणाले, आणि मग पंपाच्या दुसऱ्या टोकाला, हवा भरायच्या यंत्रापाशी, बघितलं. तू उभा राहिला असतास तर तिथे राहिला असतास. तिथे एक टेम्पो उभा होता.

मग त्या अकरा किका. गाडी चालू झाल्यावर रशीदभाई म्हणाले, कॉलनीत एक चक्कर मारा आणि ठेवून द्या. मी हेल्मेट घातलं. तुझं आहे ते, सैल होतं, आत ओढणी बांधावी लागली. दांडी पुढे वळवली, पहिला टाकला आणि निघाले. कॉलनीच्या वळणावर वळलेच नाही. मागून रशीदभाई ओरडत होते, ‘चाळीसच्या वर नको! नवा पिस्टन आहे!’

द्वारका, आडगाव, ओझर. रस्ता एवढा मोठा झालाय आणि ट्रक एवढे जवळून जातात की पहिले पाच किलोमीटर मी घाबरून काहीही विचार केला नाही. मागची सीट मोकळी होती. शिकवताना तू तिथे बसायचास आणि माझ्या खांद्यावर बोट ठेवून सांगायचास, आता क्लच, आता सोड. ओझरच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा लागल्या. मी चाळीसवरच होते. सगळे मला ओलांडून जात होते.

ती मोरी अजून आहे. गावाकडे लग्नकार्याला जाताना तू दर वेळी बसच्या काचेवर टकटक करून मला दाखवायचास, ‘इथे बसलो होतो दोन तास.’ मी दर वेळी दुसऱ्या बाजूला बघायचे. काल मी तिथे थांबले, इंजिन बंद केलं आणि तुझ्या जागेवर बसले. दगड गार होता.

पलीकडे द्राक्षं विकणारा एक म्हातारा माणूस होता, गोणपाटाच्या सावलीत. त्याने लांबूनच आवाज दिला.

‘काय ओ ताई, बंद पडली का काय गाडी?’

‘नाही,’ मी म्हणाले, ‘मी थांबवलीय.’

तो उठून जवळ आला, गाडीभोवती फिरला. ‘लय जुनी हाय. आमच्या मामाकडं व्हती आशीच. कोनाची?’

‘माझ्या भावाची.’ आणि मग भाऊ, माझ्या तोंडातून ते आलंच. त्या तयार केलेल्या वाक्यासारखं नाही, कसंही आलं. ‘चाळीस वर्षांपूर्वी ती इथेच बंद पडली होती. तो मुलाखतीला निघाला होता. मी ऑइल न टाकता पेट्रोल भरलं होतं. मी. त्याने सगळ्यांना सांगितलं की तो विसरला.’

तो माझ्याकडे बघत राहिला.  डोक्यावरची टोपी सारखी केली त्याने.

‘मंग आता झाली ना चालू,’ तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. तूसुद्धा एवढंच म्हणाला असतास. त्या लेथच्या दुकानात, दिव्याच्या उजेडात, पोह्यांची डिश हातात असताना, कधीही. चाळीस वर्षं मी ज्याला घाबरले ते एवढंसं वाक्य होतं, आणि ते मला तुझ्याकडून ऐकायचं होतं, एका अनोळखी माणसाकडून नाही. मी मोरीवर बसून रडले. सात आठवड्यांत पहिल्यांदा. तो माणूस बिचारा अवघडून उभा राहिला आणि मग म्हणाला, ‘च्या ठिवलाय पल्याड. घेता का घोटभर?’

‘नको’ अगदी ओठांवर आलं होतं. तुला माहीतच आहे.

‘हो,’ मी म्हणाले, ‘घेते.’

चहा गोड होता, तुला आवडला असता. कप परत दिला, त्याने ओंजळभर द्राक्षं दिली ती खिशात टाकली. मग दांडी मागे घेतली, तिसऱ्या किकला गाडी धरली, दांडी पुढे वळवली आणि पहिला टाकला. परत वळायला जागा होती. मी सरळ गेले, भाऊ. मोरी ओलांडून, मालेगावच्या दिशेने.